ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र: नळाला फ्लोराइड आहे, पण दात दाखवायचे कुणाला?

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतल्या सर्व ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा. जिथे जिथे आपला गणपती बसतो, त्या प्रत्येक मंडळासाठी हे पत्र आहे. विषय दातांचा आहे. बैठकीत हॉलचं भाडं, ढोल-ताशाची परवानगी आणि महाप्रसादाची ऑर्डर यांच्यापुढे तो किरकोळ वाटेल आणि वेळेअभावी पुढच्या महिन्यावर जाईल, म्हणून एकेका सचिवांना मेल न करता सगळ्यांना उघडपणे लिहिते आहे.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. बीडीएस नागपुरात केलं. सध्या मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या एका सरकारी दंत दवाखान्यात डेंटल असिस्टंट आहे, शनिवारी एका खासगी दवाखान्यातही जाते, आणि इथे डेंटिस्ट म्हणून नोंदणी व्हावी यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास चालू आहे. खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला बसून सक्शन धरणं, सिमेंट कालवून देणं, रडणाऱ्या मुलाचा हात हातात घेणं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे आपल्या लोकांचे दात मी फार जवळून बघते, आणि जे बघते त्याने झोप उडते.

माझं मागणं आधीच सांगून टाकते. फ्लोराइड घातलेलं नळाचं पाणी आणि डिसेंबरातली भारतवारी या दोन गोष्टींवर दातांचा भरवसा टाकणं आपण थांबवू या. सरकारने मुलांसाठी जे हक्क आधीच दिलेत, ते आपल्या घरांपर्यंत मंडळांनी पोचवावेत. आणि दंतोपचार मेडिकेअरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्यात, यावेत, ही मागणी मंडळांनी आपल्या नावानिशी करावी.

फ्लोराइडपासून, म्हणजे दात किडू नयेत म्हणून इथे पाण्यात घालतात त्या क्षारापासून, सुरुवात करते, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सगळा गोंधळ तिथेच आहे. आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या चंद्रपुरात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नको तितकं आहे. जमिनीतल्या खडकातून ते पाण्यात उतरतं. अशा गावातली मुलं हसताना ओठ मिटून घेतात, कारण दातांवर खडूसारखे पांढरे डाग आणि तपकिरी पट्टे असतात. तेच पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या म्हाताऱ्या माणसांची मान धड वळत नाही, पाय वाकतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. काही गावांना या मर्यादेबाहेरचं पाणी प्यावं लागलं आहे. म्हणून ‘ऑस्ट्रेलियात सरकार मुद्दाम पाण्यात फ्लोराइड घालतं’ हे ऐकून विदर्भातला माणूस दचकला तर ते साहजिक आहे. त्याला अडाणी ठरवून गप्प बसवू नये. त्याला आकडा सांगावा. इथे लिटरमागे ०.६ ते १.१ मिलिग्रॅम एवढंच प्रमाण ठेवतात आणि ते सतत मोजतात. २०२४मध्ये अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमचा जो अहवाल आला, त्यातला मुलांचा बुद्ध्यांक कमी असण्याशी फ्लोराइडचा संबंध जोडणारा निष्कर्ष १.५ मिलिग्रॅमच्या वरच्या पाण्याबद्दलचा होता. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या मेसेजांतून नेमका हा आकडा गळून जातो.

आणि याच भीतीपोटी, किंवा नुसत्या सवयीने, नव्या घराचा ताबा मिळाला की सिंकखाली आरओ बसवणारी कितीतरी घरं मी ओळखते. पुण्या-नागपुरात बोअरच्या, टँकरच्या पाण्यापायी आरओ लागत असेल. इथल्या शहरांत नळाचं पाणी तसंच प्यायला योग्य असतं. आरओने त्यातलं फ्लोराइडही बहुतांशी निघून जातं, म्हणजे ज्या एका गोष्टीचा फायदा आपल्या मुलांना फुकट मिळणार होता, ती आपण पैसे मोजून काढून टाकतो. साध्या कार्बन फिल्टरच्या जगने फ्लोराइडला फारसा फरक पडत नाही. चवीसाठीच गाळायचं असेल तर तो पुरतो. त्यात पुन्हा भारतातून येताना बॅगेतून आणलेली ‘आयुर्वेदिक’ टूथपेस्ट. तिच्यात फ्लोराइड आहे की नाही हे ट्यूबच्या मागे वाचून बघा. पुष्कळ वेळा नसतं.

पाण्यात फ्लोराइड घालण्याची सुरुवात अमेरिकेत मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५मध्ये झाली. ऑस्ट्रेलियात पहिलं गाव टास्मानियातलं बीकन्सफिल्ड, १९५३. सिडनीला १९६८मध्ये सुरू झालं, मेलबर्नला १९७७मध्ये, आणि ब्रिस्बेनला तर २००८च्या डिसेंबरात. आज देशातल्या दर दहा माणसांपैकी जवळजवळ नऊ जणांच्या नळाला असं पाणी येतं. क्वीन्सलंडमध्ये मात्र २०१२नंतर निर्णय त्या त्या कौन्सिलवर, म्हणजे स्थानिक नगरपालिकेवर, सोडला गेला आणि केर्न्ससारख्या काही ठिकाणी ते बंद झालं, त्यामुळे ब्रिस्बेनबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या कौन्सिलकडे चौकशी करून ठेवावी. या देशातल्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं, की अशा पाण्याने मुलांमधली दातांची कीड २६ ते ४४ टक्क्यांनी कमी होते, मोठ्यांमधली २७ टक्क्यांनी. सार्वजनिक आरोग्यात इतक्या कमी खर्चात एवढं काम करणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत. मी या पाण्याच्या पूर्ण बाजूने आहे.

पण २६ काय किंवा ४४ काय, शंभरातून वजा केल्यावर बरंच काही उरतं. राष्ट्रीय पातळीवर २०१२ ते २०१४मध्ये मुलांचे दात तपासले गेले, तेव्हा ५ ते १० वर्षांच्या शंभरातल्या ४२ मुलांच्या दुधाच्या दातांना कीड लागून गेलेली होती, आणि ६ ते १४ वर्षांच्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या मुलांच्या कायमच्या दातांना. २०१७-१८मध्ये मोठ्यांची पाहणी झाली, तेव्हा साधारण तीनातल्या एकाच्या तोंडात उपचार न केलेली कीड होती. नळाला फ्लोराइड असलेल्या देशातले हे आकडे आहेत. कॅनडातलं उदाहरण तर मला पाठच झालं आहे. कॅलगरी शहराने २०११मध्ये पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं, शेजारच्या एडमंटनने चालू ठेवलं. सात-आठ वर्षांनी दोन्हीकडच्या दुसरीतल्या मुलांचे दात बघितले, तर कॅलगरीत ६४.८ टक्के मुलांना कीड, एडमंटनमध्ये ५५.१ टक्के. फ्लोराइडवाले हा फरक दाखवतात, आणि तो खरा आहे. कॅलगरीने २०२५मध्ये फ्लोराइड पुन्हा सुरू केलं. माझी नजर मात्र दुसऱ्या आकड्यावर अडकते. पाणी नीट चालू होतं त्या शहरातही निम्म्याहून जास्त मुलं किडलेल्या दातांची होती.

असं का होतं, ते थोडक्यात सांगते. तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट खाऊन आम्ल तयार करतात. आम्ल वाढलं की दाताच्या वरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, खनिज सुटायला लागतं. लाळ ते पुन्हा भरून काढते, आणि फ्लोराइड असेल तर ही भरपाई लवकर आणि मजबूत होते. या भरपाईला वेळ लागतो. दर तासाला तोंडात काहीतरी गोड किंवा चिकट पडत राहिलं, तर लाळ आणि फ्लोराइड दोघंही मागे पडतात. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. जेवणानंतर एक अख्खा लाडू खाल्लेला परवडतो, दुपारभर चघळलेली गोळी किंवा घोट घोट घेतलेला ज्यूस परवडत नाही. आणि एकदा इनॅमलला भोक पडलं, की पाणी काही करू शकत नाही. तिथे डेंटिस्टच लागतो.

एका मुलाबद्दल सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. वय साडेतीनच्या आसपास. वरचे पुढचे चारही दात हिरडीपाशी तपकिरी होऊन अर्धे झिजलेले, खालचे पुढचे मात्र पांढरेशुभ्र. दातांच्या कामातलं कुणीही हे बघितलं की विचारतं, झोपताना बाटली देता का? बाटली तोंडात घेऊन मूल झोपलं की दूध वरच्या दातांभोवती साचतं. खालच्या दातांवर जीभ असते, म्हणून ते वाचतात. या मुलाच्या बाटलीतल्या दुधात साखर होती, कारण त्याशिवाय तो पीत नसे. आई-वडील दोघंही नोकरीला, आजी भारतातून आलेली, आणि तिने तिच्या मुलांना वाढवलं तसंच नातवालाही माया करून वाढवलं. मी त्या आजींना काही बोलले नाही आणि कुणी बोलूही नये. त्यांना आधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वयाच्या मुलाचे इतके दात खुर्चीत बसवून दुरुस्त करता येत नाहीत. पूर्ण भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये करावं लागतं, आणि त्याची यादी लांब असते. तोवर ते मूल डाव्या बाजूने चावत, रात्री रडत दिवस काढतं. दातांच्या ज्या दुखण्यांवर वेळेत इलाज झाला असता तर हॉस्पिटल टळलं असतं, अशांपायी या देशात दरवर्षी ८० हजारांहून जास्त वेळा लोक दाखल होतात, आणि त्यांत लहान मुलं पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट सहाव्या वर्षाच्या दाढेची. ही मी मराठी शाळेच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहून ठेवीन. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, चार कोपऱ्यांत चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी आधीचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. ती किडली तरी ‘दुधाची आहे, पडेलच’ म्हणून सोडून देतात. ती पडणार नसते. तीच आयुष्यभर चावायची असते. या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रशचा केस आत पोचत नाही, आणि पाण्यातल्या फ्लोराइडचा उपयोगही गुळगुळीत बाजूंना जास्त, खाचांना कमी होतो. दाढ नुकती आलेली असताना त्या खाचा पातळ लेपाने बंद करता येतात. काही मिनिटांचं काम, सुई नाही, ड्रिल नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुला-मुलींच्या याच दाढेत काळं भगदाड दिसतं तेव्हा मला राग येतो, कारण तीन वर्षांपूर्वी हे मूल कुणीतरी एकदा तपासलं असतं तर ते झालं नसतं.

मग तपासलं का नाही? इथे खरा प्रश्न येतो.

ताप आला, छातीत दुखलं, हात मोडला, तर मेडिकेअर आहे. दात दुखला तर बहुतेक प्रौढांसाठी नाही. हे आपोआप घडलेलं नाही. १९४६च्या सार्वमताने ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि वैद्यकीय सेवांबरोबर दंतसेवांसाठीही तरतूद करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. दोन्ही शब्द एकाच कलमात शेजारी शेजारी आहेत. तरीही १९७५मध्ये मेडिकेअरच्या आधीची सरकारी विमा योजना मेडिबँक आली तेव्हा दात बाहेर राहिले, आणि १९८४मध्ये मेडिकेअर आली तेव्हाही. १९९४मध्ये कमी उत्पन्नाच्या प्रौढांसाठी केंद्राची दंतयोजना सुरू झाली, ती दोनतीन वर्षांत नव्या सरकारने गुंडाळली. पुढे जुनाट आजार असलेल्यांसाठी मेडिकेअरमधून दातांचे पैसे मिळू लागले, ते २०१२मध्ये थांबले. प्रत्येक वेळी योजना बंद झाली की सरकारी दवाखान्यांच्या प्रतीक्षायाद्या फुगतात. माझ्या दवाखान्यात हेल्थ केअर कार्डवाल्या, म्हणजे कमी उत्पन्नामुळे सरकारी सवलत मिळणाऱ्या, माणसाला साध्या तपासणीसाठी लागणारी वाट महिन्यांत मोजायची नसते, वर्षाच्या हिशेबात मोजायची असते. चेहरा सुजला, रक्त थांबेना, तर त्याला लवकर घेतात. म्हणजे दात वाचवण्याची वेळ निघून गेली की मग नंबर लागतो.

बाकीच्यांनी खासगीत जायचं. दातांवर होणाऱ्या एकूण खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा या देशात लोक थेट स्वतःच्या खिशातून भरतात. २०२२-२३मध्ये साधारण सहातल्या एका माणसाने पैशांच्या कारणावरून डेंटिस्टकडे जाणं लांबवलं किंवा टाळलं, असं सरकारच्याच सांख्यिकी विभागाने नोंदवलं. सिनेटच्या एका विशेष समितीने या सगळ्याची चौकशी करून नोव्हेंबर २०२३मध्ये ३५ शिफारशींचा अहवाल दिला, आणि सगळ्यांना परवडेल अशी दंतसेवा हे उद्दिष्ट असावं असं म्हटलं. त्यावर मोठं काही अजून झालेलं नाही. कॅनडात मात्र २०२३च्या अखेरीला केंद्र सरकारने खासगी विमा नसलेल्या, ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांसाठी दंतयोजना जाहीर केली आणि २०२४पासून लोकांच्या दातांवर तिच्यातून उपचार सुरू झाले. तेव्हा ‘होऊच शकत नाही’ असं कुणी म्हटलं तर ते खरं मानू नका.

आता आपल्या माणसांकडे बघा. आपल्यातले आयटीवाले, डॉक्टर, अकाउंटंट खासगी विम्याचं, दातांसारख्या खर्चांसाठीचं एक्स्ट्रा कव्हर घेतात, वर्षाची मर्यादा संपेपर्यंत वापरतात, त्यांचं बरं चाललं आहे. मंडळांच्या कार्यकारिणीत बहुतेक हेच लोक असतात, हे मी टीका म्हणून लिहीत नाही. पण आपल्यातच स्टुडंट व्हिसावरची मुलं आहेत. त्यांच्या सक्तीच्या विम्यात साधारणपणे दात नसतात. शनिवारी खासगी दवाखान्यात असाच एक मुलगा आला, दिवसा कॉलेज, रात्री गोदामात पेट्या उचलणारा. खालची दाढ, मोठी कीड, पण मुळं चांगली. रूट कॅनल करून वर कॅप बसवली असती तर ती दाढ पुढची कितीतरी वर्षं चालली असती. त्याचा खर्च हजारांत होता, काढून टाकण्याचा शेकड्यांत. त्याने डेंटिस्टला इंग्रजीत काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “ताई, काढूनच टाका म्हणावं.” विशी-बाविशीतल्या पोराची चांगली दाढ त्या दिवशी ट्रेमध्ये पडली. असे ‘काढूनच टाका’ मी मराठीत ऐकते, हिंदीत ऐकते, तेलुगू-पंजाबी बोलणाऱ्यांच्या मोडक्या इंग्रजीत ऐकते.

आणि आपले आई-बाबा. नातवंडांसाठी सहा महिने, वर्षभर येतात. भारताशी ऑस्ट्रेलियाचा परस्पर आरोग्यसेवेचा करार नाही, त्यामुळे त्यांना मेडिकेअर नाही, आणि प्रवास विम्यात दातांसाठी मिळतं ते अपघातापुरतं किंवा अगदी थोडं. तिकीट काढण्याआधी भारतात एकदा दात तपासून घ्या, हे साधं वाक्य मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटाच्या सूचनांत असायला हवं. बाबांची दाढ ठणकत असते आणि ते लेकाला सांगत नाहीत, कारण ‘उगाच खर्चात पाडायचं’. लवंग तेल लावतात, वेदनाशामक गोळ्या घेतात, पोट बिघडवून घेतात. रक्त पातळ होण्याचं औषध किंवा मधुमेह असलेल्या माणसाने असं अंगावर काढणं धोक्याचं आहे. एका काकांना गालापासून गळ्यापर्यंत सूज आल्यावर मुलाने हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नेलं. तिथे ॲन्टिबायोटिक दिलं आणि डेंटिस्टला दाखवा म्हणून सांगितलं. हॉस्पिटलवाल्यांनी चूक केली असं नाही, तिथे दात काढणारं कुणी नव्हतंच.

‘भारतात गेलो की करून घेऊ’ हे आपलं ठरलेलं उत्तर आहे. भारतातले डेंटिस्ट उत्तम आहेत. माझे शिक्षक आणि वर्गमित्र तिथेच काम करतात, आणि माझ्या तोंडात कुणी हात घालायचा झाला तर मी डोळे मिटून त्यांच्यावर विसंबेन. पण कीड डिसेंबरपर्यंत थांबत नाही. फेब्रुवारीत जिथे साधं फिलिंग पुरलं असतं, तिथे डिसेंबरात रूट कॅनल लागतं. मग तीन आठवड्यांच्या सुट्टीत, एक लग्न, एक मुंज आणि कुलदैवताचं दर्शन सांभाळून, घाईघाईने चार दाढांचं काम उरकलं जातं. इथे परतल्यावर कॅप उंच लागते, चावताना दुखतं, आणि इथला डेंटिस्ट दुसऱ्याचं अर्धं काम हातात घ्यायला का-कू करतो. ज्यांचं तिकिटाचंच जमत नाही, त्यांना तर हीही वाट नाही. शिवाय आपल्याला बाहेरची एक वाट आहे म्हणून इथली वाट मोकळी व्हावी यासाठी आपण तोंड उघडत नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आपण इथे कर भरतो. आपली मुलं इथेच म्हातारी होणार आहेत.

आता मंडळांनी काय करावं ते. चाइल्ड डेंटल बेनिफिट्स शेड्यूल ही केंद्राची योजना १ जानेवारी २०१४पासून चालू आहे. मेडिकेअर असलेल्या आणि फॅमिली टॅक्स बेनिफिट ए (मुलं असलेल्या कुटुंबांचा सरकारी भत्ता) किंवा तत्सम सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबातल्या १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना दोन वर्षांत हजार डॉलरहून थोड्या जास्त रकमेचे उपचार मिळतात. तपासणी, एक्स-रे, सफाई, खाचांचे लेप, फिलिंग, अगदी रूट कॅनलसुद्धा. तारांचा, म्हणजे ब्रेसेसचा खर्च त्यात नाही. नव्याने पीआर झालेल्यांना, म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळालेल्यांना, काही काळ थांबावं लागू शकतं. पात्र मुलांपैकी निम्मीही ही रक्कम वापरत नाहीत, आणि मुदत संपली की उरलेली पुढे जात नाही. मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर मेडिकेअरच्या खात्यात बघितलं की आपलं मूल पात्र आहे का ते कळतं. व्हिक्टोरियात सरकारी शाळांमधल्या मुलांसाठी ‘स्माइल स्क्वाड’च्या गाड्या शाळेत येतात, तपासणी आणि उपचार फुकट. पण पालकांनी संमतीपत्र भरून दिलं तरच. तो इंग्रजी कागद दप्तराच्या तळाशी राहतो, किंवा ‘आपलं आपण बघू’ म्हणून परत जात नाही, आणि मग बघितलं जात नाही. दुसऱ्या राज्यांतही मुलांसाठी सरकारी सेवा आहेत, नियम वेगळे आहेत. ही माहिती शोधून, मराठीत एका पानावर लिहून, शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत प्रत्येक पालकाच्या हातात देणं हे मंडळांना सहज जमण्यासारखं आहे. सोबत एवढंच लिहा, की दीड वर्षाच्या पुढच्या मुलाला कमी फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, सहाव्या वर्षापासून मोठ्यांची, रात्री ब्रश केल्यावर फेस थुंकायचा, पण पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

मराठी शाळेच्या मधल्या सुट्टीत ज्यूसची खोकी आणि क्रीमची बिस्किटं वाटली जातात, तीही थांबवावी असं मला वाटतं. मोदक, करंज्या, तिळगूळ यांना माझा बिलकुल विरोध नाही. सण वर्षातून एकदा येतो, ज्यूसचं खोकं दर शनिवारी येतं.

राहिली मोठी मागणी. ‘मंडळात राजकारण नको’ हा नियम मला माहीत आहे आणि मान्यही आहे. दंतोपचार मेडिकेअरमध्ये घ्या, निदान मुलं, ज्येष्ठ आणि कमी उत्पन्नाच्या लोकांपासून सुरुवात करा, असं म्हणण्यात कुठल्याच पक्षाचा प्रचार नाही. गणपतीच्या आरतीला दरवर्षी आपल्याकडे खासदार येतात. आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, ते ‘नमस्कार’ म्हणतात, फोटो निघतो. यंदा त्यांच्या हातात मंडळाच्या लेटरहेडवरचं एक पानाचं निवेदन द्या आणि ते दिल्याचा फोटो काढा. सगळ्या शहरांतल्या मंडळांनी एकच मजकूर, एकाच आठवड्यात दिला, तर कॅनबेरात त्याची नोंद होईल. गुजराती, तेलुगू, पंजाबी मंडळांनाही सोबत घ्या. त्यांच्या मुलांचे दात आमच्याकडे त्याच रांगेत असतात.

निवेदनाचा मसुदा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मी लिहून देते. पालकांसाठीचं पान आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे तपासून देण्यासाठी माझ्याबरोबर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या दोन मैत्रिणी तयार आहेत. गणेशोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक बहुतेक मंडळांत जुलैत होते. त्या बैठकीत हा विषय हॉलच्या भाड्याच्या आधी घ्यावा, आणि काय ठरलं ते सभासदांना कळवावं, ही विनंती.

आपली,
एक डेंटल असिस्टंट, मेलबर्न